उरलेलं कुलूप

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच. भावजींचा गुडघा काय म्हणतो?

इथे तेलाची टाकी साफ करायला उतरताना टाकीत येणाऱ्या गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर प्रत्येकजण आपापलं कुलूप लावतो. बाहेर आलं की ज्याचं त्यानेच काढायचं. गेल्या वर्षी आमच्या फिटरकाकांचं कुलूप कुणीतरी घाईत कापलं आणि गॅस सोडला. काका जेवायला गेले असतील, असं त्याला वाटलं. ते आतच होते.

आता नियम कडक आहेत, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. शंका आली तर झाडूवालाही काम थांबवू शकतो. आणि कुलूप कापण्याआधी टाकीच्या तोंडाशी जाऊन हाक मारायची.

काल आम्ही पाचहीजण बाहेर आलो, आपापली कुलपं काढली. एक उरलं. कुणाचं, ते कुणालाच सांगता येईना. साहेब मला म्हणाले, "हाक मार." कुणाच्या नावाने मारू? तोंडातून निघालं, "काका!"

आतून माझाच आवाज परत आला. कुलूप अजून तिथेच आहे. साहेबही 'कापा' म्हणत नाहीत.

फोन करशील तेव्हा आधी मला नावाने हाक मार. मी ओ देईन.

तुझा,
धाकटा