अर्थिंगची तार

वोस, ९ डिसेंबर, दुपार

प्रिय हाल्वार,

यीस्ट टाकताना बाबा हौदावर वाकून जी आरोळी ठोकायचे, ती आज सकाळपासून कानात आहे. बिअरला जोर यावा म्हणून ठोकायची ती. पलीकडच्या काठावरची कुत्रीसुद्धा तिला उत्तर द्यायची. तू बरा असशील. किनाऱ्यावर म्हणे यंदा वारा फार आहे. इथे तळं गोठायला लागलंय, माझा खांदा दुखतो, आणि तुझी वहिनी सिन्नोव्ह अजून माझ्या आधी उठते.

यंदा सिन्नोव्ह स्वतःच म्हणाली की नाताळला घरची बिअर हवी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मात्र बजावलंही, "चूल पेटव. हाल्वारच्या त्या भांड्याला हात लावशील तर बघ."

लाकडं फोडणं आता माझ्याच्यानं होत नाही. तू बनवून दिलेलं ते विजेचं भांडं मी तिच्या नकळत काढलं. बार्लीचा माल्ट कोमट पाण्यात भिजवला, बटण दाबलं आणि मुख्य स्विच ट्रिप झाला. पुन्हा लावला, पुन्हा खाली. तू शिकवलंस तसं एकेक करत गेलो. भांडं रिकामं केलं, तळाची करपलेली खरवड काढली, प्लग वाळवला. शेवटी मीटर लावला, तर कॉइलमधून वीज भांड्याच्या पत्र्यात गळत होती. म्हणजे स्विच खरं तेच सांगत होता. तेव्हाही.

शाळेत नदीची कविता म्हणताना मी तिसऱ्या कडव्याशी नेहमी अडायचो आणि तू मागच्या बाकावरून ते पुटपुटायचास. छडी मात्र तू खाल्लीस, मध्ये बोललास म्हणून. मी पुढची कडवी कशी खणखणीत म्हटली होती, आठवतं?

किती वेळ आडवळणाने जातोय मी.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरातही भांडं असंच सारखं ट्रिप होत होतं. पाहुणे यायला आठ दिवस राहिले होते. मी तळाची झाकणी उघडली, हिरवी-पिवळी अर्थिंगची तार तोडली आणि टोकाला काळी पट्टी गुंडाळली. स्विच गप्प झाला. मला आपल्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं. तासाभराने सिन्नोव्हने एक हात नळाला लावला आणि दुसऱ्या हातातला डाव भांड्याला टेकवला. झटका क्षणभराचाच, पण उकळता रस तिच्या हातावर सांडला.

तू धावत आलास. भांडं उघडून बघतो म्हणालास. मी उघडू दिलं नाही. तूच पुटपुटलास, "अर्थिंगचा स्क्रू मीच सैल ठेवला असणार." मी गप्प बसलो. तू वीजकामाचा धंदा सोडलास, मासळीच्या कारखान्यात गेलास, तरी गप्प बसलो. सिन्नोव्ह अजून तुझं नाव घेताना हातावरचा डाग चोळते.

आज सकाळी बटण दाबण्याआधीच ती तार मी परत जोडली होती. वाटलं, कुणाला कळणार नाही. पण या दुखऱ्या खांद्याने नवी कॉइल बसवणं जमेना, म्हणून वीज कंपनीला फोन केला. कुणीतरी येतोय. जाणता माणूस तो जोड बघताक्षणी ओळखेल. गावाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून घाईघाईने लिहितोय. माल्ट गार होत चाललाय.

बेल वाजली. दार सिन्नोव्हने उघडलं.

हाल्वार, मी खिडकीपाशी आहे, इथून सगळं ऐकू येतंय. दारात एक तरुण बाई आहे, हातात अवजारांची पेटी. हनुवटी तुझी. ती म्हणतेय, "मी ओड्नी, हाल्वारची मुलगी. सप्टेंबरपासून इथल्या कंपनीत आहे. येणार दुसरा होता, पत्ता बघून हे काम मी मागून घेतलं. बाबांचं ते काम मला एकदा स्वतः उघडून बघायचंय, काकू."

सिन्नोव्ह दाराची कडी सोडत नाहीये.

तिने झाकणी उघडण्याआधी मला त्या दोघींसमोर जाऊन उभं राहायचंय. उठतो.

ती तार तोडणारा,
तुझा थोरला भाऊ
एंद्रे