सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं

कुशिरो

ती. आईला सुमिरेचा वाकून नमस्कार.

तू घरी सातू-सोयाबीन आंबवून केलेला मिसो पोचला. इथे बर्फ खूप पडतोय, पण घर उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाबा औषध घेतात ना वेळेवर?

काल मातीच्या हंडीत साल्मन, कोबी, बटाटे शिजवले आणि शेवटी तुझा मिसो कालवला. सासूबाईंचं लग्नापासून एकच पालुपद, "तुम्हा दक्षिणेकडच्यांचा मिसो म्हणजे नुसता गोडमिट्टाक!" काल मात्र त्यांनी वाडगा दोनदा पुढे केला. मी हरखलेच.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, कुणाची गं तू? हाताला चव आहे तुझ्या. आमच्या सुनेलाही शिकव जरा. गुणाची आहे ती. मीच उगाच तिला टोचून बोलत राहिले."

कोहेईंनी मान खाली घातली. त्यांच्या आईचा विसरभोळेपणा वाढलाय, हे आम्ही दोघंही तुमच्यापासून लपवत होतो.

मी म्हटलं, "शिकवीन हं."

त्यांचं बोलणं त्यांच्या सुनेपर्यंत पोचलंय, हे आता त्यांना कसं सांगू, आई?

तब्येतीला जप.

तुझी लेक,
सुमिरे