दगडाखालची भोके

अण्णा,

लातूरजवळच्या एका डिस्टिलरीचा आराखडा गेले काही दिवस नांदेडच्या घरी माझ्या टेबलावर पडून आहे. मळी आंबताना टाक्यांतून जो कार्बन डायऑक्साइड वाया जातो, तो पकडायचा, दाबाखाली पाण्यात विरघळवायचा आणि आपल्या काळ्या पाषाणात खोलवर सोडायचा. तिथे तो हळूहळू दगडच होऊन बसेल, अशी ही योजना. देगलूरच्या सोडावॉटरच्या कारखान्यात तुम्ही हाच वायू बाटलीत भरत होतात. योजनेची अंतिम तपासणी निवृत्तीनंतरही माझ्याकडे आली असून, माझ्या सहीवाचून खोदाई सुरू होणार नाही.

परवा जागा पाहून आलो. वायू खाली सोडायच्या नव्या विहिरीचे पोलादी अस्तर, त्यामागचे सिमेंट, दाबमापनाची व्यवस्था, सारे चोख आखलेले होते. बांधावर एक म्हातारी शेळ्या राखत होती. दगडावर टेकून मी सहज विचारले, "मावशी, या शिवारात कोरडे गेलेले बोअर किती?"

"ते कुनी सांगत न्हाई, साहेब. पुढच्या बोअरचा नारळ फुटंस्तोवर मागच्या कोरड्याचं नाव काढायचं न्हाई, न्हाईतर तेबी कोरडं जातंय. पाइप उपसून घेत्यात, वर दगुड ठिवत्यात, झालं." मग ती हसली. "तुमी बसलाव, त्या दगडाखाली काय हाय वाटतंय?"

मी ताडकन उठलो. सोबतचा तरुण प्रकल्पप्रमुख म्हणाला, "सर, सर्वेक्षणात चालू बोअरच्या मोटारी मोजल्या आहेत. जुन्या भोकांचा आपल्या डिझाइनशी काय संबंध?"

आणि मला तुमचा कारखाना दिसू लागला. मी कॉलेजच्या सुटीत घरी आलो आहे. गॅसची नवी नळी बसवून माझ्या सांध्यावर साबणाचा फेस लावतो; एकही बुडबुडा येत नाही. तुम्ही बाटली पुसता पुसता विचारता, "बाकीचे सांधे?" मी म्हणतो, "ते मी जोडलेले नाहीत." "मंग गॅसला इचारून घ्या, इंजिनेर साहेब, 'बाबा रे, तू फकस्त माझ्याच सांध्यातून जानार हायस का?'" कारखाना खो खो हसतो आणि माझे कान तापतात.

दाब उतरला की वायू पाण्यातून सुटतो, हे तुम्हाला मी काय सांगावे? पाषाणाच्या भेगांतून तो अशा एखाद्या उघड्या भोकात शिरला, तर थेट वर येईल. तो हवेहून जड; वारा पडला की खोलगट अंगणात साचेल. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्या शिवारातल्या वस्तीवर उन्हाळ्यात माणसे अंगणातच झोपतात. म्हणून मी प्रकल्पप्रमुखाला स्पष्ट सांगितले, की घरोघर बसून, लोकांना राजी करून, प्रत्येक कोरडे बोअर शोधावे आणि तळापासून सिमेंटने बुजवावे. सहीचे त्यानंतर पाहू.

"सर, वर्ष जाईल!"

"जाऊ द्या. दुसऱ्याची सही घ्यायची असेल, तर माझा लेखी नकार तिला जोडावा लागेल."

तुमच्या माघारी लिहिलेले हे पत्र टपालात पडायचे नाही, म्हणूनच पुढचे लिहिण्याचे धैर्य होते. मला सही करायची होती, अण्णा. आपल्या भागातल्या अशा पहिल्या विहिरीवर माझे नाव असावे, असे फार वाटत होते. या वयात वर्षभर थांबणे आपल्या हाती असते की नाही, मला ठाऊक नाही. तरीही मी थांबतो आहे.