खमकी सून, गरीब सासू

६ फेब्रु. १९५७
गावाहून निरोप. ह्यांच्या आई, आत्याबाई, रविवारी येणार. किती दिवसांसाठी, ते नाही. हे खूश. आई राहिली तर बेबीची सोय होईल, तू बिनघोर अर्ज कर, म्हणाले. (कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायला बायका घेणार आहेत. सातवी फायनल पास हवी, ती मी आहे.) ती नोकरी मला हवीय. फार हवीय.

पण सासूबाई. कराडकडच्या त्या घरात पाच वर्षं मी गरीब गाय. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही. इथे पिंपरीत येऊन वर्ष झालं, तर सगळी चाळ मला खमकी म्हणते. का, तर वखारवाल्याने कोळसा भिजवून तोलला आणि मी पोतं त्याच्याच ओट्यावर उलटं केलं. मनातून किती घाबरले होते ते कुणाला दिसलं नाही. तेव्हापासून कुणाशी वाद घालायचा असला की शेजारच्या कुसुमताई मला पुढे करतात. आता आ.बा. येऊन दोन वाक्यांत माझं पितळ उघडं पाडतील.

१० फेब्रु.
आल्या. चिंचवड स्टेशनवर घ्यायला गेलो. एक ट्रंक, एक बोचकं. ज्यांच्या खाकरण्याने गावी अंगण चिडीचूप व्हायचं त्या ह्याच का? दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत. नळावर जाताना माझा पदर धरून चालल्या.

१३ फेब्रु.
नळावर कुसुमताई हळूच म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई लय गरीब हायेत हो. जरा दमानं घ्या त्यांच्याशी."

आधी इतकं हसू आलं की घागर हिंदकळली. मग संताप. मी दमाने घ्यायचं? पाच वर्षं यांनी मला... जाऊ दे. ह्यांना सांगितलं तर चहाचा ठसका लागला. "आई? गरीब?"

१५ फेब्रु.
दूध उतू गेलं. आ.बा. चुलीशीच बसल्या होत्या, लक्ष नव्हतं. मी बोलले. बरंच बोलले. त्यांनी मान खाली घातली.

मला बरं वाटलं. आता लिहिताना तितकंसं वाटत नाही.

१९ फेब्रु.
कारखान्यात मुलाखत. टेबलापलीकडे एक बाई, चष्मा, पांढरं पातळ. हात स्वच्छ का, उभं राहून काम जमेल का. मग विचारलं, स्वभाव कसा आहे? आम्हाला भांडकुदळ नको आणि रडूबाईही नको. मी म्हटलं, "कुणाला विचारता त्यावर आहे." त्या हसल्या. घेतलं!! एक तारखेपासून, सकाळची पाळी.

२० फेब्रु.
आ.बां.ना नोकरीचं सांगितलं. बेबीला सांभाळाल ना? तर दुपारी ट्रंक आवरू लागल्या. जाणार असाल तर आत्ताच सांगा, म्हटलं, मला कारखान्यात कळवायला हवं.

तेव्हा खाली बसल्या. गावी धाकट्या जाऊबाईंनी सगळा कारभार हातात घेतलाय म्हणे. आ.बां.ना कुणी विचारत नाही, आणि शेजारपाजारचं कुणी फिरकतही नाही. "जल्मभर जहांबाज म्हनून घेतलं, आता कोन येतंय? हितल्या बाया मला गरीब म्हनत्यात. हाक मारून च्या देत्यात. मला ऱ्हावंसं वाटतंय गं. पर तू त्यास्नी सांगशील, मी तितं कशी व्हते ते."

म्हणजे इतके दिवस मी ह्यांना भीत होते आणि ह्या मला. मी म्हटलं, तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं सांगत नाही. "तुजं काय सांगायचं?" मी गावी कशी होते ते, म्हटलं. "तितं तुला बोलू कुनी दिलं?" एवढंच म्हणाल्या आणि ट्रंकेतलं लुगडं परत दोरीवर टाकलं.

मला रडू आलं. राग गेला असं नाही. दोन्ही आहे.

२८ फेब्रु.
उद्या कामावर जायचं. बेबी दीड वर्षाची. ह्यांच्या मते मी उगाच काळजी करते. आ.बा. इथे बदलल्यात की नुसत्या बिचकल्यात, कुसुमताईंना काय माहीत? मला तरी कुठे माहीत आहे?

१ मार्च
पहिली पाळी झाली. पाय भरून आलेत. थोडक्यात लिहिते.

सकाळी चपला घालत होते. बेबी आत झोपलेली. आ.बा. दाराशी आल्या, पदर सारखा करत विचारलं, "रडली तर घेऊ का तिला?"

गावी हे मी विचारायची. हात पिठात, बेबी झोळीत किंचाळतेय, आणि मी आ.बां.कडे बघून, घेऊ का तिला? आधी भाकरी आटप, म्हणायच्या. एकदाही हो म्हणाल्या नाहीत.

ते सगळं ओठांवर आलं होतं. कारखान्याचा भोंगा झाला. मी म्हटलं, "आत्याबाई, विचारायचं नाही. घ्यायचं."

त्यांना आठवलं की नाही, कळलं नाही. दिवसभर बाटल्यांना बुचं लावताना तेच डोक्यात. घरी आले तर बेबी त्यांच्या मांडीवर झोपलेली, गालावर सुकलेले ओघळ. किती वेळ रडली, ते मी विचारलं नाही.