उपाशी आणि उपास

अहो,

मी सहाच्या मोटारीनं निघाले आहे. यवतमाळला वामनदादा भेटेल, तो मला नागपूरला नेईल. तुम्हाला उठवलं असतं तर तुम्ही पुन्हा "पुढच्या महिन्यात पाहू" म्हटलं असतं.

माझ्या आतड्याचा एक्सरे मागच्या खेपेला वाया गेला तो तुमच्यामुळे. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलं होतं की आदल्या दुपारपासून उपाशी राहायचं. तुम्ही घरात वाचून दाखवलंत, "उपास करायचा." आईंनी बिचाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी केली, वर मूठभर शेंगदाणे दिले. मला कुठे इंग्रजी येतं? मी खाल्लं. मग फोटोत जे काळे ठिपके आले ते आतड्यातले व्रण की शेंगदाणे, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. दुखणं वर सरकलं की जागीच आहे, हे त्यांना जुन्या फोटोशी ताडून बघायचं होतं. ते राहून गेलं. त्याला चार महिने झाले. मी रोज शौचात रक्त पाहते, आणि तुम्ही कचेरीत खिचडीची गोष्ट सांगून लोकांना हसवून राहिले. काहून?

जुना फोटो मी सोबत घेतला आहे. काल दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही.

चुलीजवळ भाकरी आणि वरण झाकून ठेवलं आहे. माझ्या नावानं आज कुणी उपास धरायचा नाही, आईंनाही सांगा. पोटभर जेवा.

उपाशी मी आहे.

कुंदा