शक्यतो

अहो,

मायना एवढाच घालते. तुम्ही असताना तुम्हाला हाक मारायला माझ्याकडे हाच एक शब्द होता, आता नवीन कुठून आणू?

काल एसटीने आलेल्या वर्तमानपत्रात होतं, मुंबईची ट्राम बंद झाली. वाचलं आणि तुम्हाला सांगायला म्हणून मान वळवली. खिडकीपाशी तुमची खुर्ची होती, तुम्ही नव्हता. तीन वर्षं झाली तरी ही मान काही शिकत नाही. पण नुसतं ट्रामचं सांगायला मी कागद घेतलेला नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे. सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालते आहे. दूध उतू गेलं, देवाला फूल वाहायचं राहिलं. आणि गंमत म्हणजे ही चूक आधी तुम्ही केलेली आहे! रागावू नका, ऐका.

गिरगावातली ती खोली आठवते? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सरकारी कायद्यांचे मसुदे जिथे होत त्या कचेरीत तुम्ही कारकून, आणि ट्रामचे नवे रूळ कसे घालावेत याचा कायदा तेव्हा चालला होता. साहेब इंग्रजीत लिहिणार, तुम्ही त्याचं मराठी करणार. जेवायला बसलं की एकेक कलम मला म्हणून दाखवायचात. रुळाची कड रस्त्याच्या वर येता कामा नये, दोन रुळांमधले दगड सपाट बसले पाहिजेत, उकरलेल्या जागी कंदील लावला पाहिजे. आमटी गार होऊन जायची. मी आपली चौथी पास. "तुला कळलं तर कुणालाही कळेल," म्हणायचात. हे कौतुक होतं की चेष्टा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक कलम मात्र तुम्ही चार-चारदा म्हणायचात. "रुळांसाठी उकरलेला रस्ता, काम करणाऱ्याने पूर्ववत करून द्यावा." पूर्ववत! काय लाडका शब्द होता तुमचा. मी हसले तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "धरण झालं तेव्हा आमच्या गावाला हा शब्द कुणी दिला नाही. तिथे नाही, तर निदान इथे तरी असू दे." तुमचं घर, मामंजींची खाचरं, गावदेवीची पायरी, सगळं पाण्याखाली. त्याच पाण्यावर वीज होते आणि ट्राम पळते असं गावात म्हणायचे. तुम्ही त्या ट्रामने कचेरीला जात होतात. कसं वाटायचं हो तुम्हाला? मी कधी विचारलंच नाही.

मग एक दिवस साहेबाने त्या कलमात एक शब्द घातला. मराठीत तो झाला "शक्यतो." शक्यतो पूर्ववत करून द्यावा. तुम्ही मराठीत तो गाळलात. इतकं धीट मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही! चारच दिवसांत कुणीतरी ताडून पाहिलं, आणि तुम्हाला बोलावणं आलं.

"शक्यतो म्हणजे किती?" मी विचारलं.

"करणाऱ्याला वाटेल तितकं," तुम्ही म्हणालात आणि अर्ध्या जेवणावर ताटात हात धुतलात.

तेव्हा मी काय म्हणाले, ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. म्हणाले, "घाला की मग. एका शब्दाने काय बिघडतंय?" मला दिवस गेले होते आणि मला तुमच्या नोकरीची भीती वाटली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो घातलात. पुढे कित्येक वर्षं ट्रामच्या रस्त्यावरून चालताना छत्रीच्या टोकाने दगड दाबून बघायचात. एखादा हलला की चेहरा पडायचा. मला लाज वाटायची, लोक बघतात म्हणून. चुकलं माझं. पण तुम्हीही मला एकदा तरी ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर काल मी शहाणी झाले असते.

आता कालचं सांगते. बायकांची जागा म्हणून मला गावच्या पंचायतीत घेतलंय, हे तुम्हाला कुठे ठाऊक असणार! वरच्या टेकाडावर पाहुण्यांसाठी बंगला होतोय. त्याला तळ्यावरून नळ न्यायचा, त्याचा चर थेट भाताच्या खाचरांमधून जाणार. ठेकेदाराने करारनामा पाठवला आणि शाळेत बैठक झाली. सगळ्यांनी आंगठे उठवले. मी आपली चष्मा लावून वाचत बसले. "नळ पुरून झाल्यावर बांध शक्यतो पूर्ववत करून देण्यात येतील." माझा हात थबकला. खरंच थबकला हो! तर सरपंच म्हणाले, "आवो काकू, एका शब्दानं काय बिगडतंय? सोमवारी खणाय लागायचंय त्यास्नी."

माझंच वाक्य! तेही जसंच्या तसं. आणि मी सही केली.

आज सकाळी कोंडाबाई आली. तिचं एकच खाचर, आणि चर नेमका त्याच्या मधून.

"काकू, माज्या खाचराचं काय लिवलंय कागदात?"

"बांध शक्यतो पूर्ववत करून देणार आहेत," मी म्हणाले.

"शक्यतो म्हंजी किती वो?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले.

"आवो, बांधाला बोटभर भोक ऱ्हायलं तरी पानी ठरत न्हाई. मग भात कुटं लावू मी? नीट करून देत्याल का न्हाई, येवढंच सांगा की."

"चहा घे गं," मी म्हणाले.

"न्हाई, जाते. शेरडं सोडायची हायेत." आणि गेली. माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. त्यात आणखी एक ध्यानात आलं. माझ्या सहीत मधलं नाव तुमचं असतं. उखाण्याशिवाय जे नाव मी कधी उच्चारलं नाही, ते त्या शब्दाखाली काल माझ्या हातून लिहिलं गेलं. म्हणजे तुम्हालाही पुन्हा एकदा तो शब्द घालायला लावला मी!

करारनामा अजून ग्रामसेवकाच्या पेटीत आहे. उद्या सकाळच्या एसटीने पौडला, तालुक्याच्या कचेरीत जाईल. त्याआधी मी जाणार आहे. तुमच्या पेनात शाई भरून ठेवली आहे, निब जरा अडतंय, पण एक शब्द खोडण्यापुरतं चालेल. कोंडाबाईलाही बरोबर नेणार आहे. तो शब्द काय आहे, ते सरपंचांनी तिला समजावून सांगावं, माझ्यासमोर. ते चिडतील, म्हणतील म्हातारीला चळ लागला. म्हणू देत.

आणि त्यांनी तो शब्द खोडू दिला नाही, तर मी सही खोडीन. सगळी. मधल्या नावासकट. हे तुम्हाला वचन. तुमचं नाव खोडावं लागलं तरी थांबणार नाही मी. चालेल ना तुम्हाला?

तुमची,
यशोदा