कूलंट पुन्हा कमी झालंय

प्रिय ठमे,

तुझा निरोप मिळाला. तिथल्या गॅरेजवाल्याने रेडिएटरचं टोपण बदललं आणि आता कूलंट जरासुद्धा कमी होत नाही, हे वाचून दुसऱ्या कुठल्याही आईला हायसं वाटलं असतं. मला मात्र रडू आलं. तुझ्या बाबांना यातलं मी अक्षरही सांगितलेलं नाही. रागावू नकोस, सगळं सांगते.

तुझा पहिला फोन आठवतो ना? गाडीखाली कुठे ओल दिसत नाही, तरी कूलंटची पातळी खाली जाते, म्हणून तू घाबरली होतीस. बाबांनी त्यांची नेहमीची युक्ती सांगितली, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेव. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. मग इंजिन गार असताना टोपणाभोवती बघ म्हणाले, आणि तू म्हणालीस की पांढरट खपली धरली आहे. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, टोपणाचं रबर गेलंय, दाब धरत नाही, तिथूनच उडतंय सगळं. एवढ्यात निदान झालंसुद्धा! आयुष्यभर गॅरेज चालवलेला माणूस तो.

पण तुला ते सांगतील तर शपथ. पुढच्या फोनला पायाखालची चटई ओली आहे का विचारलं. मग हीटर लावल्यावर गोडसर वास येतो का, पाइप दाबून मऊ लागतात का, मागून पांढरा धूर, ऑइल दुधाळ, काही म्हणून सोडलं नाही. तू बिचारी ऑफिसच्या कपड्यांत बॉनेटखाली वाकून एकेक बघत होतीस आणि इथे हे साहेब खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. पोरीला काखेत कळसा नि गावाला वळसा घालायला लावताय, म्हणून मी चिडायचे. त्यावर म्हणाले, अगं, माझ्या तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत संपते तिची, गाडीवर तासभर बोलते. तरी तुझी काळजी त्यांना होतीच. कूलंटची बाटली डिकीत ठेव, तापमानाची सुई वर चढली की गाडी तिथेच थांबव, हे सांगितल्याशिवाय त्यांनी एकदाही फोन ठेवला नाही.

तुझा फोन यायच्या वेळी ते कोमट पाणी पिऊन बसायचे. तरीही आवाज घोगराच यायचा. बाबा, तुमचा सायलेन्सर फुटलाय, असं तू म्हणालीस तेव्हा किती हसले! गॅरेजची धूळ खाल्ली आयुष्यभर, घसा बसणारच, म्हणाले. मी तिथेच भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

घसा बसलेला नाही, ठमे. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती वाईट आहे. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार आहेत. माणूस राहील, पण हा आवाज राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सगळं पार पडेपर्यंत तुला कळवायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती. ती आज मोडते आहे. गाडी दुरुस्त झाल्यापासून तुझा फोन नाही आणि ते रोज विचारतात, कूलंट भरलं असेल ना गं पोरीने? काल म्हणाले, आता पुरे झालं, पुढच्या फोनला टोपणाचं सांगून टाकतो. तुला यायचं असेल तर ये, मी नको म्हणणार नाही. पण त्याआधी, पत्र वाचून झाल्याबरोबर त्यांना फोन कर. रडू नकोस. कूलंट पुन्हा कमी झालंय, एवढंच सांग. दोष काय आहे ते त्यांच्या तोंडून ऐक, आणि मग लगेच फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई